टीबीची तोंडाने घ्यायची लस विकत घ्यावी का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही इचलकरंजीत राहतो. माझे धाकटे दीर यंत्रमागावर कामाला आहेत, वय २६. दोन महिने खोकत होते. मागाच्या धुळीचा खोकला म्हणून आम्ही सोडून दिलं. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा तपासणी केली आणि फुप्फुसाचा टीबी निघाला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला. ताप गेलाय, जेवण वाढलंय. घरात आम्ही सहा जण: सासूबाई (वय ५८, शुगर आहे), माझे मिस्टर, मी, दीर, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. खोल्या दोन. मी घरी कांड्या भरते.

मिस्टरांच्या ओळखीतला एक माणूस टीबीची तोंडाने घ्यायची लस देतो. २१ दिवसांच्या गोळ्या, माणशी १,८०० रुपये. ‘परदेशात ही लस आधी तोंडानेच देत होते, सुई नंतर आली, पोलिओचे थेंब नाही का तोंडाने देत,’ असं तो सांगतो. आमच्या पाच जणांचे ९,००० होतात. कानातलं गहाण ठेवू पण पोरांना जपू, असं मिस्टर म्हणतात.

दवाखान्यातल्या ताई घरी येऊन गेल्या. त्या म्हणतात, सगळ्यांनी तपासून घ्या आणि गोळ्या सुरू करा. पण मुलं खेळतायत, खातायत. आजार नसताना टीबीचं औषध पोटात कशाला घालायचं? सासूबाईंनी तर साफ नाही म्हटलंय. मुलीच्या दंडावर बीसीजीचा व्रणच उठला नव्हता, मग तिला लस लागलीच नाही का? दिरांचं ताट-तांब्या आम्ही वेगळं ठेवलंय. त्यांच्या लग्नाचं बघत होतो, तेही अडलंय. बाहेर कुणाला काही बोललेलो नाही. काय करू?

– एक वहिनी, इचलकरंजी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

कानातलं गहाण ठेवू नका आणि त्या गोळ्या घेऊ नका. टीबीपासून वाचवणारी, तोंडाने घ्यायची कोणतीही लस आज आपल्या देशात मंजूर नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अशा लसीची शिफारस करत नाही. ज्या गोळ्यांना तुम्ही ‘आजार नसताना कशाला’ म्हणताय, त्या मात्र घ्या. तुमच्या मुलांचं खरं संरक्षण त्यांत आहे, आणि त्यांना एक रुपयाही पडत नाही.

आता त्या माणसाच्या बोलण्याकडे येते, कारण त्यातला एक भाग खरा आहे आणि म्हणूनच तुमच्या मिस्टरांना ते पटलं असणार. टीबीची लस सुरुवातीला खरोखरच तोंडाने देत होते. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघा शास्त्रज्ञांनी गाईला होणाऱ्या टीबीचे जंतू घेतले आणि बैलाचं पित्त घातलेल्या बटाट्याच्या कापांवर ते पुन्हा पुन्हा वाढवले. तेरा वर्षांत असं सुमारे २३० वेळा केलं, तेव्हा जंतू जिवंत राहूनही आजार न करण्याइतके दुबळे झाले. बीसीजी या नावातली शेवटची दोन अक्षरं याच दोघांची. १९२१ च्या जुलैत पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला दिली. बाळाची आई बाळंतपणानंतर टीबीनेच गेली होती आणि ज्या आजीकडे ते वाढणार होतं तिलाही टीबी होता. त्या बाळाला लस पाजली होती. पुढे काही वर्षं युरोपात हजारो बाळांना ती अशीच पाजली गेली.

यापुढची गोष्ट विकणारा सांगणार नाही. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावात सुमारे अडीचशे नवजात बाळांना ही लस पाजली आणि त्यातली सत्तरहून अधिक बाळं टीबी होऊन दगावली. बीसीजीचा त्यात दोष नव्हता. तिथल्या प्रयोगशाळेत लसीमध्ये टीबीचे खरे, जहाल जंतू मिसळले गेले होते. खटला चालला, जबाबदार डॉक्टरांना शिक्षा झाली. ताई, ते डॉक्टर होते, त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती आणि हेतू चांगला होता. तरीही बाटलीत काय आहे याची नीट तपासणी झाली नाही म्हणून हे घडलं. तुमच्या दारात आलेल्या डबीत काय आहे हे कुणी तपासलंय? तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आहे का ते बघा.

तोंडाने पाजायची पद्धत मागे पडायला आणखीही कारणं होती. पोटातून जाताना किती जंतू जिवंत राहतील आणि किती शरीरात शिरतील याचा भरवसा नसे, त्यामुळे टोचण्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा डोस द्यावा लागे. काही मुलांच्या मानेत गाठी येत. स्वीडन-नॉर्वेकडच्या डॉक्टरांनी १९२७ च्या सुमारास ती टोचायला सुरुवात केली. त्वचेत अगदी वरच्या थरात टोचली की डोस नेमका देता येतो. जगाने हळूहळू तीच रीत उचलली. ब्राझीलने मात्र १९७० च्या दशकापर्यंत पाजणं सुरू ठेवलं होतं. आपल्याकडे १९४८ मध्ये बीसीजी आली ती टोचण्याचीच.

पोलिओचं उदाहरण इथे लागू होत नाही. पोलिओचा विषाणू तोंडातून पोटात जातो आणि आतड्यात वाढतो, म्हणून आतड्यातच पहारा बसवणारे थेंब उपयोगी पडतात. टीबीचे जंतू श्वासातून थेट फुप्फुसाच्या टोकाला जातात. लस कोणत्या वाटेने शरीरात जाते यावर पुष्कळ काही ठरतं, हे मात्र शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हीच जुनी बीसीजी माकडांना शिरेतून दिली, तेव्हा दहापैकी नऊ माकडं टीबीपासून जवळजवळ पूर्ण वाचली. पाजलेल्या बीसीजीने फुप्फुसाच्या आतल्या अस्तराची ताकद वाढते का, यावरही संशोधन झालं आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये रानातल्या बिज्जूंना खाद्यातून बीसीजी देण्याचे प्रयोग झालेत, कारण प्रत्येक बिज्जू पकडून टोचणं शक्य नसतं. विषय खरा आहे, जुना आहे, आणि अजून प्रयोगशाळेतला आहे. तिथून तो तुमच्या गल्लीत १,८०० रुपयांना पोहोचलेला नाही.

लस म्हणायला काय लागतं हे आपल्या देशाने फार मोठी किंमत मोजून शिकलंय. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर बीसीजीची चाचणी झाली आणि पंधरा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. मोठ्या माणसांना होणारा फुप्फुसाचा टीबी बीसीजीने थांबत नाही, असा निकाल आला. सगळ्यांना तो नकोसा होता, तरी जाहीर केला. लहान मुलांच्या मेंदूला होणारा आणि अंगभर पसरणारा जीवघेणा टीबी मात्र ती पुष्कळ रोखते, म्हणून जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर बीसीजी देणं चालूच ठेवलं. आज मोठ्यांसाठी नव्या लसींच्या चाचण्या चालू आहेत. एम७२ नावाच्या लसीची चाचणी आफ्रिका आणि आशियातल्या देशांत सुमारे वीस हजार लोकांवर २०२४ मध्ये सुरू झाली. स्पेनमध्ये तयार झालेल्या एमटीबीव्हॅकची भारतातही चाचणी सुरू आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली व्हीपीएम१००२ तुमच्यासारख्याच, घरात रुग्ण असलेल्या हजारो लोकांवर आपल्याकडे तपासली गेली. या सगळ्या टोचायच्या लसी आहेत. एवढी माणसं, एवढी वर्षं लागतात आणि मग कुणीतरी जपून म्हणतं की उपयोग दिसतोय. एकवीस दिवसांत प्रतिकारशक्तीची हमी देणाऱ्याकडे यातलं काय आहे?

मुलीच्या व्रणाचं लगेच सांगते. व्रण उठला नाही म्हणजे लस लागली नाही असं नाही, आणि व्रण नाही म्हणून पुन्हा टोचतही नाहीत. तिच्या कार्डावर बीसीजीची नोंद असेल तर तो विषय मनातून काढून टाका.

आता दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलेल्या गोळ्यांबद्दल, कारण या पत्रात मला सगळ्यात काळजी त्यांचीच वाटली. दिरांना दोन महिने खोकला होता आणि दोन खोल्यांत तुम्ही सगळे एकत्र झोपत होता. तेवढ्या काळात घरातल्या काहीजणांच्या फुप्फुसात जंतू पोहोचले असण्याची बरीच शक्यता आहे. पोहोचले म्हणजे टीबी झाला असं नाही. बहुतेकांचं शरीर त्या जंतूंना चहूबाजूंनी घेरून गप्प बसवतं. शंभर जणांच्या शरीरात असे जंतू असले तर आयुष्यभरात त्यातल्या पाच ते दहा जणांना आजार होतो. पण हा धोका आयुष्यभर सारखा नसतो. पहिल्या दोन वर्षांत तो सर्वांत जास्त असतो, आणि तुम्ही नेमक्या त्या काळात आहात. पाच वर्षांखालच्या मुलांचं शरीर जंतूंना घेरण्यात कच्चं असतं, त्यांच्यात आजार लवकर उठतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. शुगर असलेल्यांना धोका दोन-तीन पट असतो. म्हणजे तुमच्या घरात पहिली चिंता तीन वर्षांच्या मुलाची आणि सासूबाईंची. आणि तेही दोघे गोळ्यांवाचून राहिलेत.

मूल खेळतंय, जेवतंय हे चांगलंच आहे, आणि या गोळ्या नेमक्या अशाच मुलांसाठी असतात. आजार उठायच्या आत झोपलेले जंतू मारायचे, एवढंच त्यांचं काम. त्या नीट घेतल्या तर पुढे टीबी होण्याचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. शरीरात जंतू फार कमी असतात, म्हणून एक-दोन औषधंच पुरतात. दिरांना चार द्यावी लागतात.

आधी प्रत्येकाला टीबी झालेला नाही याची खात्री करून घ्यायची, ही अट सोडू नका. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, मुलाच्या बाबतीत वजन न वाढणं किंवा मरगळ, हे विचारतील आणि छातीचा एक्स-रे काढतील. पाच वर्षांवरच्यांच्या शरीरात जंतू आहेत का हे बघायला हातावर एक छोटी सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी वाचतात. अशीच सी-टीबी नावाची एक चाचणी पुण्यातच तयार होते. तीन वर्षांच्या मुलाला या चाचणीची गरज नाही. आजार नसल्याची खात्री झाली की त्याच्या गोळ्या सुरू करता येतात. कुणाला खरंच टीबी निघाला तर त्याला प्रतिबंधाच्या नाही, पूर्ण उपचाराच्या गोळ्या लागतात. दोन्हींत गोंधळ झाला तर जंतू औषधाला निबर होतात, म्हणून तपासणीआधी कुणीही दिरांच्या पाकिटातली गोळी घेऊ नये.

दवाखान्यात एक प्रश्न जरूर विचारा: दिरांच्या थुंकीत सापडलेल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालतात ना? सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर (ट्रूनॅट आपल्या गोव्यात बनतं) हे कळतं. जंतू औषधाला दाद न देणारे असतील तर घरच्यांच्या गोळ्याही बदलतात.

गोळ्या दोन तऱ्हांच्या असतात. आयसोनायझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनायझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. तुमच्या भागात कुठली मिळते आणि कुणाला कुठली योग्य, ते डॉक्टर ठरवतील. रिफापेंटिनने लघवी, घाम नारिंगी होतो, त्याला घाबरू नका. शुगरच्या काही गोळ्यांचा असर ते कमी करतं, म्हणून सासूबाईंची शुगरची चिठ्ठी सोबत न्या आणि गोळ्या चालू असताना शुगर तपासत राहा. तुम्ही स्वतः पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेत असाल तर तेही न लाजता सांगा. रिफापेंटिनबरोबर त्यांचा भरवसा राहत नाही, तेवढे दिवस दुसरं साधन वापरावं लागतं. डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, उलट्या, अन्नावरची वासना उडणं, हातापायाला मुंग्या येणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिस्टर दारू घेत असतील तर या काळात पूर्ण बंद, कारण हे औषध यकृतावर ताण देतं.

सासूबाईंना समजवायला एक गोष्ट कदाचित उपयोगी पडेल. त्या शुगरची गोळी पाय सडल्यावर घेत नाहीत, आधीपासून घेतात. वयस्क लोकांसाठी आणि रुग्णाच्या घरच्यांसाठी बीसीजी पुन्हा टोचून बघण्याचा उपक्रम २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत झाला आहे, त्याची चौकशीही दवाखान्यात करा. पण तिच्या भरवशावर गोळ्या टाळू नका. तिचा उपयोग किती होतो ते अजून तपासलं जातंय.

आता जेवणाबद्दल जरा सविस्तर, कारण ते ९,००० रुपये खर्चायचेच असतील तर इथे खर्चा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरांतली दहा हजारांवर माणसं त्यात होती. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. निम्म्या घरांमध्ये रुग्णाबरोबर घरच्यांनाही दिला: मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकीत सापडणारा, म्हणजे पसरणारा फुप्फुसाचा टीबी जवळजवळ निम्म्याने. तांदूळ आणि डाळीने! मला हा अभ्यास आपल्या काळातल्या सगळ्यात मोलाच्या अभ्यासांपैकी एक वाटतो, कारण यातलं काही शोधून काढायचं बाकी नाही, फक्त ताटात यायचं आहे. ९,००० रुपयांत तुमच्या घरात किती महिन्यांची तूरडाळ, शेंगदाणे, अंडी येतील याचा हिशोब तुम्ही माझ्याहून चांगला कराल. आणि ताई, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी बाई तुमच्या घरात तुम्हीच असणार. त्या अभ्यासातला शिधा माणशी होता, तुमचा वाटाही त्यात धरा. तुमचं वजन किती आहे ते दवाखान्यात मोजून घ्या.

दिरांसाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली. आले नसतील तर खातं जोडलंय का ते दवाखान्यातल्या ताईंना विचारा. शिधा देणारे निक्षय मित्रही अनेक ठिकाणी आहेत, तुमच्याकडे कुणी आहे का तेही त्यांनाच माहीत असेल. त्यांच्याशी वैर धरू नका, त्या घरी आल्या हे बरंच झालं. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत नंबर आहे.

दिरांचं ताट-तांब्या पुन्हा सगळ्यांमध्ये आणा. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, पंगतीतून पसरत नाही. खोकल्यातून, बोलण्यातून हवेत उडणाऱ्या बारीक थेंबांतून पसरतो. औषध लागू पडत असेल तर थोड्याच आठवड्यांत त्यांच्याकडून पसरण्याचा धोका खूप घटतो. वेगळं करायचंच असेल तर झोपायची जागा खिडकीजवळ करा, दिवसा दोन्ही खोल्यांची दारं-खिडक्या उघडी ठेवा, आणि खोकताना त्यांनी तोंडावर रुमाल धरावा. कांड्या भरताना धूळ उडते म्हणून खिडकी लावून घेत असाल तर ती सवय मोडा. त्यांना एक गोष्ट मात्र रोज सांगत राहा: बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, सहा महिने पूर्ण करायचे. महिन्याभरात ताप जातो, जंतू जात नाहीत. मध्येच सोडलेला कोर्स तुमच्या पोरांना कुठल्याही लसीने भरून निघणार नाही इतका महाग पडेल.

त्या माणसाच्या ‘लसीच्या’ गोळ्या तुम्ही आधीच सुरू केल्या असतील तर थांबवा आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. नाव-पत्ता नसलेल्या औषधात स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे घडतात. तसं असलं तर माणसाला तात्पुरती तरतरी येते, शुगर चढते आणि झोपलेला टीबी जागा होतो. टीबी रोखतो किंवा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ओळखीतला माणूस आहे, तुम्हाला अवघड वाटेल हे कळतं. निदान आसपासच्या दुसऱ्या घराने पैसे देण्याआधी त्यांना हे पत्र वाचायला द्या.

राहिलं दिरांचं लग्न. टीबी पूर्ण बरा होतो आणि बरा झालेला माणूस लग्न करू शकतो, त्याला मुलंबाळं होतात, त्यात काही अडचण नाही. बघणं सध्या थांबवा. कोर्स संपला, शेवटची थुंकी तपासणी स्वच्छ आली, की ‘उपचार पूर्ण’ असा कागद मिळतो, तो जपून ठेवा आणि मग पुन्हा स्थळं बघा. मुलीकडच्यांना मात्र सांगा, आणि दिरांनी स्वतः सांगावं. पुढे कधी दिरांना खोकला धरला तर बायकोला त्यांना आपणहून दवाखान्यात न्यायला जमलं पाहिजे, आणि त्यासाठी तिला हे माहीत असायला हवं.